तन्वीबायचा पाला

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडचं रान वाजायला लागतं. सागाची पानं पापडासारखी वाळतात, पडताना खर्र करतात आणि पडल्यावर कुणी पाय दिला की आणखी मोठ्यानं बोलतात. पावसाळ्यात गवा चार हातांवर उभा असला तरी कळत नाही. या दिवसांत साधी रानकोंबडी चालली तरी माणूस जागीच थबकतो. काजूच्या मोहोराचा वास सकाळी गोड वाटतो आणि दुपारी त्याच वासानं डोकं जड होतं. शेवरीच्या झाडावर एक पान उरत नाही, नुसती लाल फुलं. वारा फिरला की कॅसलरॉकच्या घाटातल्या गाडीची शिट्टी आमच्या वाडीपर्यंत येते, आणि ती ऐकू आली की आई अजूनही म्हणते, आला उन्हाळा.

याच दिवसांत दहावीची परीक्षा. मी रामनगरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. मार्चमध्ये वर्गात पाय टाकला की खोबरेल तेल, घाम आणि भीती असा तिहेरी वास येतो. भीतीला वास असतो यावर माझा ठाम विश्वास आहे. पोरं अभ्यासाला भीत नाहीत, तो करतंय कोण! ती निकालाला भितात, बापाला भितात आणि यंदा भर म्हणून एका मालिकेला भितात. भुताची मालिका आहे. ती मोबाईलवर बघतात आणि तिच्यावर काढलेली कादंबरी दप्तरात घालून आणतात. परवा एकीच्या गणिताच्या पुस्तकाखाली ती सापडली. कव्हरवर काळोखातला जिना, लाल अक्षरं, खाली बारीक टायपात 'गाजलेल्या मालिकेवर आधारित, कुमार वाचकांसाठी भयकादंबरी'. पोरगी रडकुंडीला आली. मी पुस्तक जप्त केलं नाही. खिडकीशी उभी राहून थोडी पानं वाचली, परत दिलं आणि सांगितलं, पेपर झाले की शेवट काय होतो ते मला सांग, आत्ता गणित काढ. स्टाफरूममध्ये सगळे हसले, बाई तुम्ही पण? असल्या पुस्तकांचं आणि माझं जुनं नातं आहे, पण ते एका चहाच्या कपात मावणारं नाही.

मी दहावीत होते तेव्हा आमच्या वाडीत वीज नव्हती. सौर दिवा होता, तोही ढगाळ दिवशी रुसायचा. टीव्ही रामनगरात. वर्गातल्या तिथल्या मुली सोमवारी यायच्या त्या डोळे मोठे करूनच, कारण रविवारी भुताची एक मालिका लागायची आणि ती त्यांना आठवडाभर पुरायची. काल तन्वीनं काय केलं, तन्वी कुणाच्या मागं लागली, असं त्यांचं चालायचं. आमच्या वाडीतून दहावीला मी आणि शेवंता अशा दोघीच. आम्ही तोंड बघत बसायचो. आमच्या लेखी ती मालिका म्हणजे श्रीमंताघरचं लग्न, ढोल ऐकू यायचे पण जेवायचं बोलावणं नाही.

उळवीच्या जत्रेला बेळगावकडची माणसं बैलगाड्या जुंपून येतात. त्या वर्षी माझी मावशीही आली होती आणि परतताना आमच्याकडे राहिली. तिची मुलगी जाताना एक पुस्तक मागं ठेवून गेली. कव्हर फाटलेलं, सुरुवातीची पानं निखळलेली, पण आत छापलं होतं की ही त्याच मालिकेवरची कादंबरी. पुस्तकाचं नाव मला आजही ठाऊक नाही. वीज नसलेल्या घरात तन्वी आली ती अशी, गुळाच्या ढेपेशेजारी, मावशीनं आणलेल्या कुंद्याच्या डब्यावर बसून.

गोष्ट साधी होती. तन्वी शहरातल्या वसतिगृहात राहणारी हुशार मुलगी. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रिणींनी गंमत म्हणून तिला गच्चीवरच्या खोलीत कोंडलं आणि विसरून गेल्या. ती तिथंच गेली. तेव्हापासून परीक्षा जवळ आली की ती जिन्याच्या वळणावर उभी राहते, अंगात गणवेश, छातीशी पॅड, आणि येणाऱ्या मुलीला एकच विचारते: पेपर सुरू झाला का? जी उत्तर देते ती परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचत नाही. आज मला त्यातली कारागिरी दिसते. तेव्हा अंगावर नुसते काटे आले होते.

वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत रानातली वाट आहे. बस तिथं मिळते. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या आम्ही सगळ्या पोरी एकत्र जायचो, एकत्र यायचो. मी चालता चालता मोठ्यानं वाचायचे आणि ठेच लागू नये म्हणून शेवंता माझं कोपर धरून चालायची. ओढ्याजवळ मत्तीचं एक जुनं झाड आहे, मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं. तिथं वाट फुटते. संध्याकाळी परतताना दोघीजणी तिथून पलीकडच्या वाडीला वळायच्या, त्यामुळं वाचन तिथंच थांबायचं. मीही हळूहळू मुरले होते. तन्वी जिन्यावर येऊन उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, की नेमकं तेव्हाच पुस्तक मिटायचं. रामनगरच्या मुलींच्या मालिकेत जाहिरात यायची, आमच्यात ओढा यायचा. रोज संध्याकाळी आम्ही तन्वीला त्या मत्तीखाली उभी करून घरी जायचो.

त्या दिवसांतली संध्याकाळ आठवली की मला आधी धूर आठवतो. आई चुलीच्या राखेत कणगी भाजायला घालायची. आमच्याकडे रानात आणि परसात कंद पिकतात, वर्षभर भाताला तेवढीच जोड. कणग्याची साल करपली की एक खमंग वास सुटतो, आणि त्या वासात मी बीजगणित शिकले. अजूनही वर्गसमीकरण बघितलं की मला भूक लागते. आई समोर बसून शिकेकाईच्या शेंगा निवडायची आणि मधूनच विचारायची, झालं काय गं तुजं? ती स्वतः तिसरीपर्यंत शिकली. तिचं माहेर सुप्याच्या धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा शाळाही उठली आणि नव्या जागी शाळा सुरू होईपर्यंत आई लग्नाची झाली. हे ती कधी रडून सांगत नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की ती म्हणते, आता शाळंचा चौथरा वर आला आसंल, आणि कामाला लागते.

आमच्या रानात एक रीत आहे. वाटेवर जिथं कुणी राहतं, मग तो देव असो, राखणदार असो नाहीतर नुसतीच एखादी अतृप्त वासना, तिथून जाताना हाताशी येईल तो हिरवा डहाळा तोडून ठेवायचा. पाला घालायचा, असं म्हणतात. कुणासाठी, ते विचारायचं नाही. आधीचा पाला दिसला की आपलाही घालायचा आणि पडलेला पाला कधी उचलायचा नाही. आमची माणसं परमुलखात गेली आणि वाटेत डहाळ्यांचा ढीग दिसला, तर तिथूनही रिकाम्या हातानं पुढं जायची नाहीत.

कुसूम आमच्यात सगळ्यात लहान, पाचवीतली. एका संध्याकाळी मी पुस्तक मिटलं तेव्हा तिनं करवंदीचा डहाळा तोडला आणि मत्तीच्या बुंध्याशी ठेवला. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी आम्हीही ठेवला. हसतच ठेवला, पण ठेवला.

पुढचं आमच्या हातात राहिलं नाही. गवताला जाणाऱ्या बायकांनी पाला पाहिला, त्यांनी घातला. शिकेकाई गोळा करणाऱ्यांनी घातला. ढोरांमागं जाणाऱ्यानं घातला. तन्वी कोण हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. शिमगा जवळ आला तोवर ढीग गुडघ्याला लागला होता. कुणीतरी वर हिरव्या काचेच्या बांगड्या ठेवल्या होत्या, म्हणजे इथं राहणारी बाईमाणूस आहे एवढं कळत कळत वाडीभर गेलं होतं.

आणि शिमग्याच्या तोंडावर कुसूम तापली. तापात तिनं सांगितलं की ओढ्याजवळ कुणीतरी तिला विचारलं, पेपर सुरू झाला काय?

झालं. देवळात गावकी जमली. देवापुढं गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्यात एकाच घराण्याकडे असतो, आणि तेव्हा तो सोमा आज्जाकडे होता. आज्जा म्हणजे वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस, काटकुळा, कमी बोलणारा. त्यानं देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ओढ्याजवळ कुनी हाय काय? उजवी पडली. कुवारीण हाय काय? तीही उजवी. मग गावकीनं ठरवलं की उन्हाळा सरेपर्यंत शाळेच्या पोरींनी ती वाट धरायची नाही. दुसरी वाट नव्हती. आणि आमची परीक्षा उन्हाळा सरायची वाट बघणार नव्हती.

बाबा वाईट माणूस नाहीत. ते मऊ आवाजात म्हणाले की पुढच्या वर्षी दे, परीक्षा काय पळून जाते? पण आमच्या वाडीत पुढच्या वर्षीचा अर्थ मला ठाऊक होता. माझ्या आधीच्या दोघीतिघी अक्कांनी असंच पुढचं वर्ष धरलं होतं आणि पुढच्या वर्षी त्यांच्या दारात पाळणा हलला होता. शेवंतासाठी तर गुंद गावाकडचं एक स्थळ येऊन बसलंच होतं.

मी पुस्तक घेऊन सोमा आज्जाकडे गेले. मला वाटलं, छापलेलं दाखवलं की प्रश्न मिटला. त्याच्या पुढ्यात उघडून ठेवलं आणि सांगितलं, "आज्जा, ही पुस्तकातली हाय. टीव्हीसाठी कुनीतरी बसून लिवली. खरी न्हाई."

आज्जानं पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि परत दिलं. "आसंल," तो म्हणाला. "कुठनं आली ते आमी कुनालाच इचारत न्हाई. आली, पाला पडला. आता ती हाय."

मी घरी येऊन रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. विज्ञानाच्या पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं, आणि त्यातलं एक वाक्य तिथं कामाला आलं नाही. त्याहून चीड याची होती की आज्जाचं म्हणणं मला आतून पटत होतं. भर दुपारी एकटी ओढ्यावर गेले तरी माझी मानगूट गार पडायची. तन्वी कागदावरची आहे हे सगळ्यांत जास्त मला माहीत होतं, तरी मत्तीसमोरून जाताना माझा हात आपोआप डहाळ्याकडे जायचा. आजही कुणी मला विचारलं की बाई, तुमचा भुतांवर विश्वास आहे का, तर मी विषय बदलते.

आईनं माझं रडणं पूर्ण होऊ दिलं. हातातला विळा खाली ठेवला आणि म्हणाली, "कौल बराबर हाय. प्रश्न चुकला." मग पदर खोचून उठली.

आज्जाच्या अंगणात ती उभ्यानंच बोलली, बसली नाही. तिचं म्हणणं असं की ती तिथं आहे, कबूल. पण आपल्या रानातल्या प्रत्येकाला आपण काय दिलंय? मान दिलाय आणि हद्द दिलीय. इथपर्यंत तुझं, इथून आमचं, असं सांगितलंय. हिला नुसता पाला घातला. तिला काय पाहिजे ते विचारलं नाही, कुठं थांबायचं ते सांगितलं नाही, आणि वाट मात्र पोरींची बंद केली. हा कुठला न्याय? तिला गाऱ्हाणं घाला, करार करा.

आज्जानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की गाऱ्हाणं असं हवेत घालता येत नाही. कुणाची पोर, कुठल्या गावची, कशी गेली, जाताना काय राहिलं, हे ठाऊक लागतं. आईनं माझ्याकडे बोट केलं. "हिला समदं ठावं हाय."

म्हणून एका रविवारी सकाळी देवळाच्या आवारात मी ती कादंबरी उरलेल्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. पुरुष कट्ट्यावर, बाया फणसाच्या सावलीत, मी मधोमध पाटावर. त्यानंतर मी कितीतरी वर्गांना शिकवलं, पण तसं ऐकणं मला पुन्हा लाभलं नाही. आम्ही पोरी जिथं किंचाळायचो तिथं कुणी पापणी हलवली नाही. दार आपोआप लागलं, जिन्यावर ओली पावलं उमटली, दिवे गेले, सगळे स्वस्थ. आणि लेखकानं जे एका वाक्यात उरकलं होतं तिथं मात्र मला थांबवत होते. तिची आय आली काय? पुस्तकात नव्हतं. क्रिया कुणी केली? तेही नव्हतं. कोंडणाऱ्या पोरींनी कबूल केलं काय? एकीनं केलं होतं, आणि त्याच प्रकरणात तन्वीनं तिला जिन्यावरून ढकललं होतं. त्यावर आज्जा नाराज झाला. कबूल करणारीलाच मारायचं म्हटल्यावर पुढं कोण कबूल करणार, असं त्याचं म्हणणं पडलं. मलाही ते प्रकरण तिथं पहिल्यांदाच खटकलं.

शेवटच्या पानावर तन्वी एका नव्या शाळेच्या जिन्यावर उभी असते आणि खाली एक नवी मुलगी पायरी चढायला लागते. तिथं पुस्तक संपतं. मी मिटलं.

"पुढं?" आज्जानं विचारलं.

"पुढं न्हाई, आज्जा. हितंच संपलं."

"तिला अशीच सोडली?"

"व्हय."

"बरी मानसं न्हाईत ही," आज्जा म्हणाला, आणि सगळ्या कट्ट्यानं मान हलवली.

मला त्या वाक्याचं हसू यायचं, आता येत नाही. परवा वर्गातल्या पोरीचं पुस्तक चाळलं तेव्हा त्यातही शेवटचं पान उघडंच होतं, कारण मालिकेचा पुढचा भाग काढायचा असतो. भूत मिटवलं तर धंदा मिटला. काढणाऱ्यांना ते परवडतं, त्यांना त्या जिन्यावरून रोज जायचं नसतं. आमच्या वाडीला तसं सोडून देता येत नव्हतं. आमची वाट एकच होती, आणि त्या वाटेनं परीक्षेला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत सगळी वाडी ओढ्यावर. आज्जानं नारळ ठेवला, हात जोडले आणि देवाशी बोलतो त्याच आवाजात, जराही न अडखळता, तन्वीशी बोलला. गाऱ्हाणं कसं असतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. त्यात भीक नसते, धमकी नसते, घरातल्या रुसलेल्या माणसाशी बोलावं तसं असतं ते.

"तन्वीबाय, शहरगावची पोर तू. सोबतिनींनी कोंडलीस, पेपर ऱ्हायला तुजा. आय आली न्हाई, क्रिया झाली न्हाई. आमच्या पोरींनी तुला हितं आनली, आमी पाला घातला. आता हितं ऱ्हा. वढ्याच्या अलीकडं तुजी हद्द. पोरींना वाटंत इचारायचं न्हाई. पेपर झाला की पोरीच येऊन सांगतील, काय आलं, काय लिवलं. जी येऊन सांगंल तिला तू राख."

"व्हय," सगळे म्हणाले. बायकांच्या घोळक्यात कुसूमची आई होती, तीही म्हणाली. कुसूम तिच्या कडेला टेकून उभी होती, ताप उतरलेला, ओठ अजून सुकलेले.

मग आज्जानं मत्तीच्या खरबरीत सालीवर एक ओली पाकळी लावली आणि कौल मागितला. पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं, पोरं कंटाळली, पाकळी तिथंच. कौल लागत नाही याचा अर्थ काय काढायचा, यावर माणसं कुजबुजायला लागली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

आई पुढं झाली. "न्हाई म्हनली न्हाई ती," आई म्हणाली. "माजी पोरगी जानार."

आज्जानं पाकळीकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्या दोघांत कोण जास्त हट्टी याचा तो अंदाज घेत असावा. अखेर तो म्हणाला की अडवलं नाही हे खरं, पण करार पोरीचा आहे. तेव्हा पहिलं पाऊल पोरीचंच पडलं पाहिजे, एकटीचं, कुणी हात धरायचा नाही. शेवंताच्या बापानं सांगितलं की परीक्षेच्या दिवशी तो शेवंताला घेऊन ओढ्यापर्यंत येईल. मी पार झाले तर तीही जाईल. नाहीतर दोघी घरी.

इतक्या वर्षांनी त्या वाटेनं जाते तेव्हा ढीग असतोच. खालचा पाला कुजून माती झाला, त्यावर नवा पडत राहिला. आता वाडीत वीज आहे, घरोघरी मोबाईल आहेत, आणि ती जुनी मालिका कुणाला आठवत नाही. पोरी पेपर देऊन आल्या की तिथं उभ्या राहून सांगतात, गणित सोपं होतं, इंग्रजीनं दगा दिला. तन्वीबाय कोण, असं मी एकदा एकीला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, आमच्याच वाडीची व्हती म्हनं, लय हुशार. मी तिला दुरुस्त केलं नाही. त्या वाटेनं निघालेली एकही पोर आजवर परीक्षेला गैरहजर राहिलेली नाही. लोक म्हणतात तन्वीबाय राखते. मी म्हणते आई राखते. आमच्या घरात हा वाद चालू आहे आणि आई त्यात भाग घेत नाही.

पण त्या सकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. पहिला पेपर मराठीचा. रात्री दव पडलं होतं, त्यामुळं खालचा पाचोळा ओला होऊन मुका झाला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रान गप्प होतं, आणि मला ते आवडलं नाही. पाय वाजले असते तर निदान सोबत वाटली असती. आई वळणाशी थांबली. तिनं माझ्या वेणीची रिबीन पुन्हा घट्ट केली, गरज नसताना. मागं शेवंता, तिचं मनगट बापाच्या मुठीत. आज्जा दगडावर बसलेला.

मी एकटी मत्तीपर्यंत गेले. डहाळा तोडला, ठेवला. पुस्तकात जी उत्तर देते ती पोचत नाही. ती विचारते तोवर थांबायचं, गप्प राहायचं, की पळायचं, यावर आम्ही पोरींनी महिनाभर खल केला होता. तिथं उभं राहिल्यावर मला एकच कळलं, तिनं विचारायची वाट बघत बसले तर बस जाईल. म्हणून मीच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तन्वीबाय, आज मराठीचा पेपर हाय. अजून सुरू झाला न्हाई. झाला की येऊन सांगते. आता वाट सोड."

आणि मी पाण्यात पाय घातला. ओढा त्या दिवसांत घोट्याएवढाही नसतो, पण पलीकडचा काठ लवकर आला नाही. चढून वर गेले. मागं वळायचं नाही असं काही कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी वळले नाही. तेवढ्यात पाण्यात धावत आलेले पाय वाजले. शेवंता होती. बापानं हात सोडला की तिनं सोडवून घेतला, हे तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. आज ती दांडेलीला नर्स आहे, आणि विचारलं की नुसती हसते. बस लागेपर्यंत आम्ही दोघी पळत होतो.

दुपारी परतलो तेव्हा आज्जा त्याच दगडावर होता. कराराला साक्षीदार लागतो. सकाळपासून तो घरी गेला होता की नाही कोण जाणे. मी ढिगासमोर उभी राहिले आणि सगळा पेपर सांगितला. निबंधाला काय होतं, कुठली कविता आली, पत्र कुणाला लिहायचं होतं. मुक्या पाल्याला व्याकरणाचे प्रश्न सांगताना सुरुवातीला लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. मग शेवंताची पाळी. ती सांगत सांगत पुढं गेली आणि मधेच थांबली. एक अख्खा प्रश्न तिनं लिहायचाच सोडला होता, पान उलटायचं राहून गेलं होतं, आणि ते तिला आत्ता, इथं, सांगताना कळलं. ती तिथंच बसून हुंदके द्यायला लागली. आता नापास होणार, आता पाठवणार नाहीत, आता संपलं, असं काय काय म्हणत होती.

आज्जा दगडावरून उठला, तिच्याजवळ आला.

"उठ," तो म्हणाला. "तुजा एक प्रश्न ऱ्हायला. हिचा समदा पेपर ऱ्हायला."

शेवंतानं ढिगाकडे बघितलं, ओढणीनं नाक पुसलं आणि उठली. परवा गणित होतं. आम्ही अभ्यासाला घरी गेलो.